दामाजी, बाजूला हो!

जगात काही माणसं फोटो काढतात आणि काही माणसं फोटो विकतात. या दोन जाती वेगळ्या आहेत, त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार होत नाही, हे ज्ञान मला सत्त्याण्णव सालच्या गुढीपाडव्याला झालं. ज्ञान नेहमी उशिरा येतं. त्यात माझा दोष नाही.

सुरुवात झाली ती आदल्या दिवाळीच्या पाडव्याला. बायकोनं मला ओवाळलं आणि मी ताटात भारद्वाज पक्ष्याचा एक मोठा फोटो ठेवला. येऊरच्या जंगलात चार रविवार घालवून काढलेला. कलावतीनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भारद्वाजाचं दर्शन शुभ असतं," मी म्हटलं.

"साडीचंही असतं," ती म्हणाली.

कलावती मुलींच्या शाळेत गणित शिकवते. ती चिडली की आवाज चढवत नाही, अटी घालते. निरांजन खाली ठेवून तिनं तिथल्या तिथे अट घातली. गुढीपाडव्यापर्यंत एक फोटो विकून दाखवायचा. फक्त एक. घेणारा ओळखदेख नसलेला पाहिजे. नातेवाईक चालणार नाहीत, माझ्या ऑफिसातले चालणार नाहीत, आणि कुणी दया येऊन घेतला तर तो मोजला जाणार नाही. जमलं तर ती कॅमेऱ्याबद्दल जन्मात बोलणार नाही. नाही जमलं तर कॅमेरा डोंबिवलीच्या पोपटरावांना.

तिचं अगदीच चूक होतं असं नाही. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागे आमची दोन खोल्यांची जागा. तीन वर्षं आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात फिल्मचे रोल राहत होते आणि भाजी बाहेर सुकत होती. कपाटात तिच्या साड्यांच्या वर घुबडं होती. आणि लांबची मोठी लेन्स घेताना मी कॅमेऱ्याबरोबरची साधी लेन्स दुकानदाराला देऊन टाकली होती, ही गोष्ट ती कधीच विसरली नव्हती. "म्हणजे आता घरातलं काही निघणारच नाही यातून?" तिनं तेव्हा विचारलं होतं. घरात निघण्यासारखं काय आहे, असं मी म्हणालो होतो. लग्नाला वीस वर्षं झालेला माणूस असं बोलतो, आणि वर जिवंत राहतो.

पोपटरावांचा डोंबिवलीत स्टुडिओ आहे. माझे रोल तेच धुतात. त्यांचा माझ्या लेन्सवर दोन वर्षं डोळा होता. लग्नाच्या फोटोंना एवढी लांबची लेन्स कशाला, असं मी एकदा विचारलं. "साहेब, आजकाल व्हिडिओवाला आम्हाला स्टेजजवळ उभं करत नाही," ते म्हणाले. "मी गेटवरून मंगळसूत्र घेईन."

आमच्या शेजारी सीतारामनाना राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्यापासून ते सल्ला देतात. अटीची बातमी त्यांना भिंतीतून कळली असावी, कारण भाऊबीजेच्या सकाळी ते हजर. त्यांनी सगळे फोटो चष्मा वर-खाली करून पाहिले आणि शेवटी मला हळू आवाजात विचारलं, "यात माणूस कुठे आहे?"

"नाना, हे निसर्गाचे फोटो आहेत."

"ते कळलं रे. पण कुणाचे आहेत?"

हा प्रश्न पुढचे पाच महिने मला ठाणे ते कल्याण सगळ्यांनी विचारला. आपल्याकडे फोटो असतो तो कुणाचातरी असतो. देवाचा, बारशाचा, नाहीतर गेलेल्या माणसाचा. नुसता झाडावर बसलेला खंड्या, ज्याचं आपल्याकडे कसलंही कार्य नाही, तो भिंतीवर का घ्यायचा, हे मला आजतागायत कुणाला पटवून देता आलेलं नाही. पण नानांनी एक कामाची गोष्ट सांगितली. "कॅलेंडर," ते म्हणाले. "कल्याणच्या बाजारातले व्यापारी दरवर्षी कॅलेंडर काढतात. पण त्यांना काहीतरी झगझगीत दाखव. ही काळी पाखरं नेऊ नकोस."

झगझगीत म्हणजे फ्लेमिंगो. त्या दोन-तीन वर्षांत ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो उतरायला लागले होते. कोलशेतला दामाजी नावाचे एक कोळी होते, त्यांच्या होडीतून मी आधीही बगळे काढायला जायचो. होते म्हणतोय, पण तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते साठीचे, मी शेहेचाळीसचा, आणि माझ्या गळ्यात कॅमेरा. असो.

दामाजीची एक खोड होती. ओहोटीला होडी चिखलात टेकली की तो मला होडीतच बसवायचा, स्वतः गुडघाभर चिखलात उतरायचा आणि पुढे लावलेली जाळी बघायला जायचा. पक्षी त्याला भीत नसत. मी शंभर हातांवर नुसता खोकलो तरी उडणारे ते शिष्ट पक्षी दामाजी शेजारून गेला की मान वर करायचे आणि परत चिखलात घालायचे. त्यामुळे व्हायचं काय, की मी महत्प्रयासानं चौकट जमवावी आणि उजवीकडून दामाजी चालत आत यावा. लुंगी वर खोचलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेला.

"दामाजी, बाजूला हो!" मी ओरडायचो. "फोटोत येतोयस!"

तो हसायचा आणि बाजूला व्हायचा. परत येताना हमखास म्हणायचा, "सायब, आवऱ्या पाखरांचं फोटू काडतांव, माजा येक काडा की."

"पुढच्या खेपेला," मी म्हणायचो. रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात. एक-एक मोजून वापरावा लागतो. हे मी त्याला समजावूनही सांगितलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मला तो फोटो मिळाला. सात फ्लेमिंगो उभे, पहिलं ऊन पंखांच्या गुलाबी कडांवर, पाण्यात पूर्ण प्रतिबिंब. बटण दाबायला आणि दामाजी उजवीकडून आत यायला एकच गाठ पडली. शिवाय या खेपेला तो नुसता आला नाही. माझ्याकडे वळला, तोंडभर हसला आणि 'अहो हे बघा' अशा थाटात हात लांब करून त्यानं मला सातवा पक्षी दाखवला. जसा काही तो मला दिसलाच नव्हता. त्या दिवशी मी त्याला इतका बोललो की परतीच्या वाटेवर त्यानं फोटोचं नाव काढलं नाही.

प्रिंट आल्यावर मी घरी कात्रीनं उजवी कड कापली. सातवा पक्षी आणि दामाजी गेले, सहा उरले. सहा पुष्कळ होतात.

तो फोटो घेऊन मी कल्याणच्या घाऊक बाजारात चांगदेवशेठ नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो. गोणींच्या थप्पीवर बसून त्यांनी एकेक फोटो पाहिला. माणूस सौजन्यशील होता. चहा मागवला. घुबड बघून म्हणाले, "उल्लू दुकानात लावू?" लक्ष्मीचं वाहन आहे, मी म्हटलं. "वाहन आलं, लक्ष्मी नाही आली," ते म्हणाले. खंड्या त्यांना आवडला, पण त्यानं पाठ केली होती, आणि वर्षभर गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणारा पक्षी दुकानाला बरा नव्हे. मग मी छातीवर हात ठेवून फ्लेमिंगो काढला.

"बगळा," ते म्हणाले.

"बगळा नाही. परदेशी पाहुणा आहे. रोहित म्हणतात."

"चोच वाकडी आहे म्हणून काय झालं? एका पायावर उभा, डोळे मिटून, चिखलात. साहेब, धान्याच्या दुकानात असा फोटो लावला तर गिऱ्हाईक म्हणेल, शेठनं स्वतःचाच लावला."

शेवटी त्यांनी मधला मार्ग सुचवला. मधल्या पक्ष्यावर सरस्वती बसवून द्यायची. मी, एक स्वाभिमानी माणूस, हे ऐकून ताडकन उठलो आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलो, आणि बसवून देतो म्हणालो. त्यांनी मला त्यांच्या छापखान्याचा पत्ता दिला. छापखानेवाल्यानं प्रिंट हातात धरली, उलटी केली आणि विचारलं, "ट्रान्सपरन्सी कुठे आहे?" कॅलेंडर प्रिंटवरून छापत नाहीत, त्याला वेगळी पारदर्शक फिल्म लागते आणि ती फोटो काढतानाच कॅमेऱ्यात घालावी लागते. तीन वर्षांत माझ्या कॅमेऱ्यात ती एकदाही गेली नव्हती. सरस्वती माझ्या दारावरून परत गेली.

मग डिसेंबर गेला, जानेवारी गेला. एका शुभेच्छापत्रवाल्याला ससा हवा होता. एका दंतवैद्याला वाघ हवा होता, पण तोंड उघडलेला आणि दात पांढरे.  स्वयंपाकघरात कलावतीनं कॅलेंडरवर पाडव्याभोवती लाल गोल केला होता. त्या कॅलेंडरवर गणपती होता.

फेब्रुवारीत नाना म्हणाले, "प्रदर्शन भरव. लोक आपणहून येतील." म्हणून मी डेपोसमोरच्या एका सभागृहाच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी दोन अर्ज पुढे केले, सांस्कृतिक आणि व्यापारी. फोटो विकायचे असतील तर व्यापारी. त्याला भाडं चौपट, शिवाय दुकानाचा परवाना जोडायचा.

"माझं दुकान नाही."

"मग विकणार कसे?"

"मग सांस्कृतिक द्या."

"सांस्कृतिकमध्ये विकता येणार नाही. तसा फलक लावावा लागेल. दर्शनी भागात." मग त्यांनी अर्ज वाचला. "फोटो कसले? प्राण्यांचे? मग प्राण्यांबद्दल हमीपत्र द्या. प्राणी जिवंत आहेत का?"

"फोटो काढले तेव्हा होते."

"आता?"

"आताचं मला कसं माहीत असणार?"

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'सदर प्रदर्शनातील पक्ष्यांच्या सद्यस्थितीबाबत अर्जदारास माहिती नाही.' सही केली, खाली तारीख घातली. चोवीस वर्षं मी एका औषध कंपनीत आवक-जावक बघतोय, पण इतकं खरं वाक्य मी कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

माझा बेत असा होता, की फलक लावायचा, पण कुणी विचारलंच तर बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन व्यवहार उरकायचा. मार्चमधल्या एका शनिवारी प्रदर्शन उघडलं. उद्घाटनाला एक प्राध्यापक यायचे होते, ते आले नाहीत. नानांनी त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा भला थोरला हार हातात धरून अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग हार सुकतोय म्हणून त्यांनी तो सगळ्यात मोठ्या फ्रेमला घातला, आणि उदबत्तीही लावली. सगळ्यात मोठी फ्रेम फ्लेमिंगोंची होती.

त्यानंतर जो आला त्यानं दारात चपला काढल्या. कुणी मोठ्यानं बोलेना. एक बाई फ्रेमपुढे हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "यात तुमचं कोण?" मी म्हटलं, "मीच काढलेत." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सांभाळा म्हणाल्या. मी नानांना हार काढायला सांगितला. घातलेला हार असा काढू नये, ते म्हणाले. त्यांना वाईट वाटतं. कुणाला, ते मी विचारलं नाही.

आणि रविवारी संध्याकाळी तो आला. बंद होण्याच्या वेळी. अंगात साधा शर्ट, हातात पिशवी. मी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे अटीला तंतोतंत बसणारा. फ्लेमिंगोंपुढे तो दहा मिनिटं उभा होता. त्यानं खिशाकडे हात नेला.  मग त्यानं फलक पाहिला, 'येथील छायाचित्रे विक्रीसाठी नाहीत', तो नीट वाचला, एक सुस्कारा सोडला आणि दाराकडे निघाला. मी धावलोच. पण सभागृहाचे ते खिडकीतले गृहस्थ नेमके दारात किल्ल्या घेऊन उभे होते. त्यांच्यादेखत मी काय बोलणार? "बरं वाटलं," तो माणूस मला म्हणाला, "काहीतरी विकायला नसलेलं बघून." आणि तो गेला. मी बाहेर जाईपर्यंत डेपोतून सुटलेल्या कुठल्या गाडीत तो चढला, देव जाणे.

त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो. पण मनापासून नाही.

पाडव्याला तीन दिवस उरले असताना दुपारी दार वाजलं. दारात एक म्हातारी बाई होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही.

"सायब, मी दामाजीची बायको. भागीरथी." तिला आत ये म्हणेपर्यंत तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. "दामाजी गेला. जाली वाळत घालीत होता, तितंच बसला."

 कलावतीनं तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"परवा तेरावं हाय," ती म्हणाली. "घरान त्याचा येक बी फोटू नाय. मतदानाच्या कार्डाचं फोटू काडायला आयले, तवा हा खाडीन. फोटू नाय तं हार कोनाला घालायचा? मग मना आटवलं. तो घरी यून सांगायचा ना, आज पन मी सायबाच्या फोटून शिरलो. सायब कसला वराडला! सांगायचा नि हसायचा." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मुद्दाम शिरायचा तो. बोलायचा, सायब पुडच्या खेपेला पुडच्या खेपेला करतो, मीच जाऊन उबा ऱ्हातो."

 मला माझी शरम वाटली, आणि ती शरम ठेवायला त्या दोन खोल्यांत कुठे जागा नव्हती. पाच महिने सगळं गाव मला विचारत होतं, यात माणूस कुठे आहे. माणूस होता. मी कात्रीनं कापला होता.

कपाटातली सगळी पाकिटं मी खाली ओतली. घरात एकाही प्रिंटवर दामाजी नव्हता. निगेटिव्हच्या पट्ट्या शंभरावर, आणि एकीवरही तारीख नाही, नुसते पोपटरावांनी टाकलेले रोलचे नंबर. तेवढ्यात कलावतीनं आतून बिस्किटांचा एक डबा आणला. त्यात माझ्या फोटोंच्या कापलेल्या कडा होत्या, सगळ्या. वह्या तपासताना खूण म्हणून घालायला बऱ्या पडतात, ती म्हणाली. प्रत्येकीच्या मागे तिच्या बारीक अक्षरात रोलचा नंबर होता. एकीवर दामाजीचं कोपर होतं, एकीवर फडकं, आणि एकीवर पुरा दामाजी, हात लांब केलेला, तोंडभर हसणारा. भागीरथीनं ती पट्टी दोन्ही हातांत घेतली आणि पदर तोंडाला लावला.

मी निगेटिव्ह घेऊन तसाच डोंबिवलीला गेलो. पोपटरावांनी हातातलं लग्न बाजूला ठेवलं. फोटो मोठा करताना म्हणाले, "साहेब, हा शेवटचा पक्षी निघत नाही. बोटाला चिकटून आहे." दुसऱ्या दिवशी भागीरथी फोटो न्यायला आली तेव्हा मी त्याबद्दल माफी मागितली.

"राऊ दे," ती म्हणाली. "तो तुमाला दावतोय ना ता."

मग तिनं पदराची गाठ सोडली. "किती झालं?"

मी खोटं बोलणार नाही. पाडवा दोन दिवसांवर होता. समोर एक बाई होती, दोन दिवसांपूर्वी मी तिला ओळखत नव्हतो, आणि ती रोख पैसे देऊन माझा फोटो विकत घेत होती. कलावती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात आकडा तयार होता.

"दामाजींनी आधीच दिलेत," मी म्हटलं.

भागीरथीनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, गाठ परत बांधली आणि फोटो छातीशी धरून गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कोलशेतला तेराव्याला जाऊन आलो. फोटोला हार होता. रिक्षात कलावती म्हणाली, "राहू दे हवं तर कॅमेरा."

इथे मी फक्त 'बरं' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पण पाच महिने ठेचलेला माझा स्वाभिमान नेमका त्याच क्षणी उठून बसला. "अट म्हणजे अट," मी म्हणालो. "शब्द म्हणजे शब्द." मग ती अजून एकदा म्हणेल म्हणून मी खोपट येईपर्यंत वाट पाहिली. गणिताची बाई एक गोष्ट दोनदा विचारत नाही.

पाडव्याला गुढी उभारून होते न होते तोच पोपटराव आले. पेढे घेऊन आले, त्यामुळे त्यांना काही बोलताही येईना. कॅमेरा पुसून त्यांच्या हातात देताना माझं लक्ष आकड्याकडे गेलं. रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता.

"कला," मी म्हटलं, "गुढीपाशी उभी राहा."

"मी? कशाला? रोल वाया जाईल."

हे वाक्य माझंच होतं. ती उभी राहिली. मी डोळ्याला कॅमेरा लावला तर नुसता पिवळा धूर. ती लांबची लेन्स पंधरा फुटांच्या आतलं काही बघूच शकत नाही, आणि आमचं घर तेरा फूट. मागे सर म्हटलं तर मागे भिंत. शेवटी मी गॅलरीत आणि ती खाली पाण्याच्या टाकीजवळ, अशी वरात निघाली. चाळभर लोक गॅलऱ्यांत आले. कलावतीनं दोनदा पदर सारखा केला. वीस वर्षांत मी तिच्याकडे इतक्या लांबून आणि इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. माझं बोट बटणावर गेलं, आणि उजवीकडून सीतारामनाना चौकटीत शिरले. बनियन, लेंगा, हातात कडुनिंबाची डहाळी.

"नाना, बाजूला—" मी ओरडलो, आणि थांबलो.

"राहू द्या, नाना. या. उभे राहा तिथेच."

नानांनी पोट आत घेतलं. कलावती हसली. मी बटण दाबलं आणि कॅमेरा पोपटरावांना दिला.

आठ दिवसांनी मी डोंबिवलीला जाऊन तो फोटो पोपटरावांकडून रीतसर विकत घेतला. माझ्या फोटोंची झालेली ही एकमेव विक्री. घरी येऊन मी तो फ्रेम करायचं काढलं, तर कलावती म्हणाली, "भिंतीवर नको. मी आहे अजून." तिनं तो बिस्किटांच्या डब्यात, दामाजींच्या पट्टीशेजारी ठेवला आणि भाजी फ्रिजमध्ये ठेवायला गेली.